गाठीच्या आतली घुसमट

माझ्या मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तेव्हा रेडिएशन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तिला दोन पिशव्या रक्त चढवायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली आलं होतं. मावशी वैतागली. "अगं, गाठ जाळायला आलेय ना मी? मग हे रक्त कशाला? त्या गाठीलाच खाऊ घालतायत की काय!" असं ती मला म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टर पिशवी टांगता टांगता एवढंच बोलल्या, "रक्त असलं की शेक चांगला लागतो, मावशी."

रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. सिस्टरांचं वाक्य अगदी बरोबर होतं. पण तो चांगला का लागतो, हे नीट समजायला मला पुढची काही वर्षं वाचत राहावं लागलं. कॅन्सर इतका चिवट कशामुळे होतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या एका वाक्यामागे आहे. तो भाग म्हणजे प्राणवायूची टंचाई.

ही टंचाई नेमकी कुठे असते, याचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून तेच आधी सांगते. कोविडच्या दिवसांत घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावला की ९७, ९८ असा आकडा दिसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने किती भरलेलं आहे, ते तो आकडा सांगतो. मावशीचाही आकडा ९८ होता. म्हणजे तिच्या अंगात जेवढं हिमोग्लोबिन उरलं होतं, ते जवळजवळ पूर्ण भरलेलं होतं. तरीही तिच्या गाठीच्या आत असे भाग असणार, जिथल्या पेशी अक्षरशः गुदमरत होत्या. नाकाशी टंचाई नाही, फुप्फुसात नाही, बोटातही नाही. टंचाई असते ती गाठीच्या पोटात.

पाटपाण्यावर शेती करणाऱ्याला हे लगेच उमजेल. धरण भरलेलं असतं, कालवा दुथडी वाहत असतो, आणि तरीही टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. वरचे लोक आपापल्या वावरात पाणी घेतात आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पाटात चिखल उरतो. शरीरात प्राणवायूचं तसंच आहे. लाल पेशी तो केशवाहिनीपर्यंत आणून सोडतात. तिथून पुढे त्याला वाहून नेणारं कोणी नसतं, तो पेशीपेशींतून झिरपत जातो. वाटेतली प्रत्येक पेशी त्यातला आपला वाटा उचलते. त्यामुळे साधारण १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांच्या जाडीइतकं अंतर गेलं की प्राणवायू संपलेला असतो. म्हणूनच निरोगी शरीरात केशवाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं की बहुतेक कुठलीच पेशी त्यांच्यापासून फार लांब पडत नाही.

कॅन्सरची गाठ हा हिशेब मोडते. पेशी भराभर विभागतात, रक्तवाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत, आणि मग टेलचे शेतकरी तयार होतात.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते इंग्लंडमध्ये, १९५५ साली. टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी माणसांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. माझ्या एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने मला तसाच एक काप दाखवला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेरच्या कडेला जांभळ्या ठिपक्यांची दाट गर्दी, त्या जिवंत पेशी. आत जावं तसे ठिपके विरळ होत जातात, आणि मधोमध एक फिकट गुलाबी, कसलाही आकार नसलेला लगदा. तो मेलेला भाग. रामफळाच्या आत सडका गाभा निघावा तसं. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी शांतपणे पट्टी लावून मापं घेतली. पेशींच्या ज्या दोरखंडांची त्रिज्या १६० मायक्रॉनहून कमी होती, त्यांत मेलेला गाभा दिसला नाही. २०० मायक्रॉनच्या पुढे गेलेल्या प्रत्येक दोरखंडात तो होता. प्राणवायू किती लांब झिरपू शकेल याचं गणित त्यांनी वेगळं मांडलं होतं, आणि त्याचं उत्तर याच्या आसपासच आलं.

आता खरी महत्त्वाची जागा. मेलेला गाभा कोणाला त्रास देत नाही. बाहेरच्या धडधाकट पेशींना औषध आणि किरणं दोन्ही पोचतात. धोका असतो तो या दोन्हींच्या मधल्या कड्यात, जिथे पेशी अर्धपोटी आहेत पण मेलेल्या नाहीत. कॅन्सरची पुढची बरीचशी गोष्ट या कड्यात घडते.

मग गाठ नव्या रक्तवाहिन्या का करत नाही? करते. पण त्या घाईघाईत खणलेल्या पाटासारख्या असतात. वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे अचानक बंद झालेल्या, भिंतीतून पाझरणाऱ्या. त्यातलं रक्त कधी वाहतं, कधी थबकतं, कधी चक्क उलटं फिरतं. त्यामुळे वाहिनीला अगदी चिकटून असलेल्या पेशीलाही काही वेळ प्राणवायू मिळतो आणि काही वेळ मिळत नाही. जर्मनीतल्या माइंत्स इथे १९९० च्या दशकात हॉकेल आणि फाउपेल या संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या गाठींत बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड घालून प्राणवायूचा दाब मोजला. धमनीतल्या रक्तात हा दाब ९५ ते १०० मिलिमीटर पारा इतका असतो. अनेक गाठींत तो १० च्या खाली निघाला, आणि एकाच गाठीत शेजारशेजारच्या जागांचे आकडेही वेगवेगळे आले. १९९६ साली त्यांनी जे मांडलं ते मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतं. ज्या बायकांच्या गाठींत प्राणवायू कमी, त्यांचा आजार जास्त वेळा उलटला. रेडिएशन घेतलेल्यांचा उलटला, आणि फक्त शस्त्रक्रिया करून गाठ काढलेल्यांचाही उलटला. गाठच काढून टाकली तर किरणांना दाद देण्या-न देण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे टंचाईतून गेलेला कॅन्सर मुळातच जास्त आक्रमक झालेला असतो.

तो तसा का होतो, हे समजायला पेशीच्या आत डोकवावं लागतं, आणि इथली गोष्ट फारच सुंदर आहे.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. त्याला आपण फर्मान म्हणू. 'प्राणवायू संपत आलाय, सगळ्यांनी तयारीला लागा' असं ते फर्मान. गंमत अशी की प्राणवायू भरपूर असतानाही ते निघतच राहतं, आणि निघाल्यापासून पाच मिनिटांच्या आत फाडलं जातं. फाडायचं काम दोघं मिळून करतात. एक विकर त्या प्रथिनावर खूण करतं, आणि ती खूण करण्यासाठी त्याला प्राणवायूच लागतो. मग व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि फर्मानाची रवानगी पेशीच्या कचरा फोडणाऱ्या यंत्राकडे करतं. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, फर्मान फाडलं जात नाही आणि सरळ केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतं. एवढं प्रथिन बनवून मोडण्यात नासाडी आहे खरी, पण गुदमरायला लागल्यावर नव्याने फर्मान लिहीत बसायला पेशीकडे वेळ नसतो.

ही यंत्रणा कॅन्सरसाठी बनलेली नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. डोंगरावर गेल्यावर आपलं रक्त घट्ट होतं ते हिच्यामुळे, जखमेत नवीन रक्तवाहिन्या फुटतात त्यात हिचा हात असतो, आईच्या पोटातलं बाळ वाढतं तेही हिच्या जोरावर. कॅन्सर ती उसनी घेतो.

ही यंत्रणा सापडली ती तीन वेगवेगळ्या वाटांनी. बाल्टिमोरला ग्रेग सेमेन्झा रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या जनुकामागे लागले होते, आणि त्या जनुकाला चालू करणारं एचआयएफ त्यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलं. ऑक्सफर्डला पीटर रॅटक्लिफ हे मूत्रपिंडाचे डॉक्टर त्याच संप्रेरकावर काम करत होते. त्यांनी दाखवलं की प्राणवायू ओळखायची ही शक्ती फक्त मूत्रपिंडाकडे नाही, शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींकडे आहे. आणि बोस्टनला विल्यम केलिन एका आनुवंशिक आजाराचा माग काढत होते. या आजारात डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत आणि मूत्रपिंडात गाठी होतात. त्याचं नाव व्हॉन हिपेल-लिंडाऊ, आणि वरचं व्हीएचएल त्याचंच लघुरूप. हे रुग्ण पाहताना केलिन यांच्या लक्षात राहिलं ते असं: गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या, आणि काही रुग्णांच्या अंगात लाल पेशी गरजेपेक्षा जास्त. जणू या गाठी 'प्राणवायू नाही, प्राणवायू नाही' अशी ओरड करत होत्या, आणि तीही आजूबाजूला प्राणवायू भरपूर असताना.

कोडं सुटलं ते इथेच. या लोकांत व्हीएचएलचं जनुक बिघडलेलं असतं. फर्मान फाडणाराच नाही. म्हणून प्राणवायू असो की नसो, टंचाईचा हुकूम चोवीस तास चालू. फाडण्याआधीची ती खूण कोणती, हे २००१ साली केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं, आणि २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळून मिळालं. या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोजकेच. पण मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा जो सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यातल्या बहुसंख्य रुग्णांच्या गाठीतही हेच जनुक बिघडलेलं सापडतं. घराण्यात आजार नसतानाही.

प्राणवायूच्या टंचाईने कॅन्सर होतो का, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर म्हणूनच दोन भागांत आहे. मूत्रपिंडाच्या या कॅन्सरमध्ये टंचाईचा खोटा हुकूमच आजाराच्या मुळाशी असतो. बाकी बहुतेक कॅन्सरमध्ये सुरुवात तंबाखूने, विषाणूने, वयाने किंवा जनुकांतल्या इतर बिघाडांनी होते, जशी मावशीची एचपीव्ही या विषाणूने झाली. टंचाई मागाहून येते. पण आली की त्या कॅन्सरला वेगळ्याच वळणावर नेते.

नेते म्हणजे काय करते? एचआयएफ पेशीला साखर जास्त ओढायला लावतं. प्राणवायू असताना एका ग्लुकोजपासून पेशीला ऊर्जेच्या साधारण तीस नोटा मिळतात असं धरलं, तर प्राणवायूशिवाय फक्त दोन मिळतात. म्हणून कित्येक पट साखर लागते, आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकलं जातं. त्या आम्लात आपल्या रोगप्रतिकारक पेशी सुस्तावतात. एचआयएफ रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन सोडायला लावतं. पेशींना जागा सोडून हलायला, आजूबाजूची वीण कुरतडायला मदत करतं. थोडक्यात, 'इथे राहण्यात अर्थ नाही' हे पेशीला कळतं आणि ती वाट शोधू लागते.

आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे निवड. दुष्काळात सगळं करपतं आणि बांधावरची बाभूळ तेवढी हिरवी राहते, ते आपण पाहतोच. गुदमरलेल्या पेशीला साधारणपणे आपणहून मरायचा आदेश मिळतो, आणि तो आदेश अमलात आणण्यात पी-५३ या जनुकाचा मोठा वाटा असतो. १९९६ साली अमेरिकेत जियाचिया यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पी-५३ शाबूत असलेल्या आणि ते हरवलेल्या पेशी एकत्र वाढवल्या आणि प्राणवायू तोडला, तर शाबूतवाल्या मरतात आणि मरण नाकारणाऱ्या मूठभर पेशी बघता बघता बहुसंख्य होतात. टंचाईने त्या घडवल्या नाहीत, फक्त त्यांच्यासाठी रान मोकळं केलं. शिवाय टंचाईत पेशी डीएनएची दुरुस्ती करणारी काही प्रथिनं बनवणं कमी करतात, त्यामुळे नव्या चुका साठत जातात. मधला तो अर्धपोटी कडा म्हणजे कॅन्सरची तालीम आहे. तिथून बाहेर पडणारी पेशी आत गेलेल्या पेशीपेक्षा जास्त निबर असते.

आता शेकाकडे येते.

मावशीच्या फाईलवर '४५ ग्रे, २५ फ्रॅक्शन' असं लिहिलेलं होतं. ग्रे हे किरणांचं माप आहे हे मला माहीत होतं. नंतर कळलं की १९७५ साली या मापाला नाव दिलं गेलं ते काप मोजणाऱ्या त्याच ग्रे यांचं. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की किरणांचा परिणाम पेशीत त्या क्षणी किती प्राणवायू आहे यावर अवलंबून असतो. किरणं पेशीतून जाताना डीएनएवर मोकाट रेणूंचा मारा होतो आणि जखमा होतात. शेजारी प्राणवायू असेल तर तो त्या जखमेला चिकटतो आणि जखम कायमची होते. प्राणवायू नसेल तर पेशीतली इतर रसायनं ती जखम तिथल्या तिथे बुजवून टाकतात. हिशेब असा की प्राणवायू नसलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट किरणं लागतात. तेवढी दिली तर शेजारचं मूत्राशय आणि आतडंच भाजून निघेल.

'रक्त असलं की शेक चांगला लागतो' याचा अर्थ हा. मावशीला वाटत होतं की रक्त देऊन गाठीला खाऊ घालतायत. एका अर्थी खरंच होतं ते. गाठीला प्राणवायू द्यायचा, म्हणजे ती किरणांच्या तावडीत येते.

रोज थोडा थोडा, पंचवीस वेळा शेक का, याचंही एक कारण इथेच आहे. (निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा हे दुसरं कारण, आणि तेही तितकंच मोठं.) पहिल्या काही दिवसांत रक्तवाहिनीजवळच्या, प्राणवायू खाणाऱ्या पेशी मरतात. वरच्या शेतकऱ्यांनी पाणी घेणं थांबवलं की टेलला पाणी पोचतं, तसा प्राणवायू मग आतल्या कड्यापर्यंत जातो. काल जिला किरणं लागू पडत नव्हती ती पेशी आज लागू पडण्याइतकी प्राणवायूत आलेली असते. गाठ थराथराने सोलत जायची ही पद्धत. म्हणून मधले दिवस चुकवू नका असं डॉक्टर कळकळीने सांगतात. त्यांच्याकडे याची आणखीही कारणं असतात, पण सणासाठी किंवा पेरणीसाठी चार दिवस घरी जाऊन येते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे चित्र दाखवावंसं वाटतं.

मग इंजेक्शन देऊन रक्त वाढवलं तर आणखी चांगलं, असं कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. २००३ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ३५१ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रेडिएशनसोबत निम्म्यांना एरिथ्रोपोएटिन दिलं होतं. हिमोग्लोबिन छान वाढलं, आणि आजार मात्र त्याच गटात जास्त बळावला. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर कडक इशारा छापायला लावला. मला ही चाचणी फार मोलाची वाटते. तर्क कितीही सरळ दिसला तरी माणसाच्या शरीरात तो तपासूनच पाहावा लागतो, आणि कोणीतरी तो प्रामाणिकपणे तपासला म्हणून पुढचे रुग्ण वाचले. कमी झालेलं रक्त पिशवीने भरून काढणं आणि औषधाने ते ढकलून वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

दुसरीकडे एक साधी गोष्ट आहे जिला औषध लागत नाही. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला असा घट्ट धरून बसतो की त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहताच येत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या डॉक्टरांनी १९९३ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांचा हिशेब मांडला. शेक चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, न करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. 'आता कॅन्सर झालाच आहे, विडी सोडून काय होणार' असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. प्रेमापोटी नातेवाईकच वॉर्डाबाहेर विडी पेटवून देतात. ती विडी त्या दिवसाच्या शेकाची धार बोथट करत असते.

टंचाईवर थेट उपाय करायचे प्रयत्नही भरपूर झाले. १९५० च्या दशकात लंडनमध्ये रुग्णाला जास्त दाबाच्या प्राणवायूच्या टाकीत झोपवून किरणं दिली जात. काही कॅन्सरमध्ये फायदा दिसला, पण रोज रुग्णाला बंद टाकीत घालणं जिकिरीचं होतं आणि ते मागे पडलं. डेन्मार्कमध्ये निमोराझोल वापरतात. जुलाबावर आपण घेतो त्या मेट्रोनिडाझोलच्या नात्यातलं हे औषध प्राणवायूची नक्कल करतं आणि जखम कायमची करतं. १९९८ साली तिथल्या मोठ्या चाचणीत घसा आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण ३३ वरून ४९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. नंतर ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र तसा फायदा मिळाला नाही, त्यामुळे ते जगभर पसरलं नाही.

रक्तवाहिन्या तोडण्याचीही एक वाट आहे. १९७१ साली बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की गाठीला नव्या रक्तवाहिन्याच होऊ दिल्या नाहीत तर ती वाढणार नाही. त्यातून व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब आलं, २००४ साली आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. पण रसद पूर्ण तोडली तर टंचाई वाढेल, आणि टंचाई काय करते ते आपण पाहिलं. इथे राकेश जैन यांचं नाव घ्यायलाच हवं. आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक. २००१ साली त्यांनी उलटा विचार मांडला: हे औषध योग्य प्रमाणात दिलं तर गाठीच्या फुटक्या, पाझरणाऱ्या वाहिन्या काही काळ सुधारतात, त्यांतून रक्त नीट वाहतं, आणि त्याच काळात दिलेली केमो आणि किरणं आतपर्यंत पोचतात. पाट तोडायच्या आधी तो दुरुस्त करून घ्यायचा.

आणि जिथे फर्मानच खोटं आहे तिथे आता फर्मानावरच घाव घालता येतो. बेल्झुटिफॅन ही गोळी एचआयएफचा एक प्रकार निकामी करते. २०२१ साली अमेरिकेत ती व्हॉन हिपेल-लिंडाऊच्या रुग्णांसाठी मान्य झाली आणि २०२३ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठीही. तिच्या मुख्य दुष्परिणामांपैकी एक म्हणजे रक्त कमी होणं. एचआयएफ अडवल्यावर एरिथ्रोपोएटिन कमी होणारच. यंत्रणा समजलेली असली की दुष्परिणामसुद्धा ओळखीचा वाटतो.

या विषयावरचे फॉरवर्ड मात्र मला अस्वस्थ करतात. मावशीच्या आजारपणात असा एक मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा आला: 'वॉरबर्ग यांना कॅन्सर प्राणवायूच्या कमतरतेने होतो हे सिद्ध केल्याबद्दल नोबेल मिळालं, खोल श्वास घ्या, अल्कलाइन पाणी प्या, कॅन्सर होणार नाही.' ओटो वॉरबर्ग मोठे शास्त्रज्ञ होते यात वादच नाही. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्यांनी पाहिलं की कॅन्सरच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवून वापरतात. आजचा पेट स्कॅन कॅन्सरच्या याच साखरेच्या भुकेवर चालतो. पण १९३१ चं त्यांचं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या शोधासाठी होतं. पेशींचं श्वसन बिघडणं हेच सगळ्या कॅन्सरचं मूळ, हे त्यांचं म्हणणं पुढे टिकलं नाही.

खोल श्वासाचं गणित तर सरळ आहे. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण २० मिलिलिटर प्राणवायू वाहतं. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल तर ती गाडी भरलेलीच आहे. वर नुसता रक्तात विरघळलेला प्राणवायू उरतो, तो ०.३ मिलिलिटर. प्राणायामाने मन शांत होतं, झोप लागते, आजारपणात त्याची किंमत मोठी आहे, जरूर करावा. पण तो टेलच्या शेतापर्यंत पाणी नेऊ शकत नाही. आणि गाठीभोवतीचं आम्ल गाठच बनवते, आपण प्यायलेलं पाणी तिथे पोचेपर्यंत पोट, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं मिळून रक्ताची आम्लता होती तिथेच आणून ठेवतात. आमच्या शहरातल्या एका खाजगी केंद्राने मावशीला ओझोनच्या दहा बैठका सुचवल्या होत्या, 'शेकाऐवजी' या शब्दासह. तो शब्द आठवला की आजही माझा जीव खालीवर होतो.

बाहेरच्या हवेतला प्राणवायू खरंच कमी असला तर? मानेत रोहिणी जिथे दुभंगते तिथे भाताच्या शिताएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातला प्राणवायू चाखत बसायचं हे त्याचं काम. पेरूच्या अँडीज पर्वतात पिढ्यानपिढ्या उंचावर राहणाऱ्या लोकांत या अवयवाच्या गाठी जास्त दिसतात, असं १९७३ साली तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. २००० साली काही कुटुंबांत अशाच गाठींमागे जे बिघडलेलं जनुक सापडलं, तेही पेशीला टंचाईचा खोटा भास करून देणारंच निघालं. या गाठी दुर्मीळ आणि बहुतेक वेळा साध्या असतात. आयुष्यभर 'प्राणवायू कमी आहे' हे ऐकत राहिलेल्या पेशी वाढत सुटतात, एवढं त्यातून दिसतं.

मावशीचे पंचवीस शेक पूर्ण झाले. दर आठवड्याला केमो, मंगळवारी रक्ताची तपासणी, आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की आणखी एक पिशवी. चौथ्या आठवड्यात तपासताना डॉक्टर म्हणाल्या, गाठ निम्म्याहून कमी झालीय, आता आतला शेक (गाठीजवळ नळी ठेवून आतून देतात ते रेडिएशन) नीट बसेल. त्या दिवशी मी तिला कागदावर तीन कडी काढून दाखवली. बाहेरचं, मधलं, आणि मेलेलं. मावशीने बोट ठेवलं ते बरोबर मधल्यावर. "म्हणजे ही उपाशी माणसं सगळ्यात डेंजर," ती म्हणाली. "मग दे बाई रक्त. त्यांना आधी जेवू घाल."